जादूचे नियम आणि आमचे तर्क: बेळगावच्या कॉस्मिअर वाचकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी संध्याकाळी शहापुरात एका मित्राच्या घरी आम्ही आठ-दहा जण जमतो. उन्हाळ्यात गच्चीवर, पावसाळ्यात खाली मागाच्या खोलीत, कारण रविवारी माग बंद असतो आणि बोललेलं ऐकू येतं. कुणी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला आहे, कुणी खानापुरात शिक्षिका, एक मुलगी निपाणीहून बसने येते, एक मित्र गोकाकचा, घरी कन्नड बोलणारा. पुस्तकं आम्ही इंग्रजीत वाचतो आणि भांडतो मराठीत. नवीन आलेला माणूस बहुधा तेच ते प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं एकदा लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

कॉस्मिअर म्हणजे नेमकं काय?

अमेरिकन लेखक ब्रँडन सँडरसन यांच्या बऱ्याच कादंबऱ्या वेगवेगळ्या ग्रहांवर घडतात, पण ते सगळे ग्रह एकाच विश्वात आहेत. त्या विश्वाचं नाव कॉस्मिअर. २००५ मध्ये ‘एलान्ट्रिस’ आली, २००६ मध्ये ‘मिस्टबॉर्न’चा पहिला भाग, २००९ मध्ये ‘वॉरब्रेकर’, २०१० मध्ये ‘द वे ऑफ किंग्ज’. प्रत्येक कथा आपापल्या पायावर उभी आहे. पण फार पूर्वी अ‍ॅडोनाल्सिअम नावाची एक मूळ शक्ती फुटून तिचे सोळा तुकडे झाले आणि सोळा जणांनी ते उचलले, ही गोष्ट सगळ्यांच्या खाली वाहते आहे. इंग्रजीत त्या तुकड्यांना शार्ड म्हणतात, आम्ही ‘शकलं’ म्हणतो. प्रत्येक शकलाला एकच वृत्ती असते: एकाला जतन करायचं असतं, एकाला विनाश, एकाला सन्मान राखायचा असतो. ज्या ग्रहावर जे शकल राहिलं, तिथल्या जादूला त्याचा रंग लागला.

एकही पुस्तक वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

मिस्टबॉर्नच्या पहिल्या भागापासून. पुस्तकं महाग वाटत असतील तर वॉरब्रेकरपासून, कारण ते लेखकाने स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवलं आहे. हजार पानांच्या ‘द वे ऑफ किंग्ज’ने सुरुवात करू नका. ते उत्तम आहे, पण पहिल्या दोनशे पानांत हात सुटलेले दोन मित्र आम्ही गमावले आहेत.

माझं इंग्रजी कच्चं आहे. शाळा मराठी माध्यमाची. जमेल का?

जमेल. माझीही शाळा मराठीच. पहिलं पुस्तक वाचायला मला पाच महिने लागले. सँडरसन यांची वाक्यं सरळ असतात, अडतं ते त्यांनी स्वतः घडवलेल्या शब्दांपाशी, आणि ते शब्द इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकालाही तेवढेच नवे असतात. तिथे तुम्ही आणि ते एकाच पायरीवर उभे आहात. अडलं तर रविवारी विचारा, कुणी हसणार नाही.

थिअरी आणि नुसता अंदाज यांत फरक काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘मला वाटतं शेवटी अमुक मरणार’ हा अंदाज. त्याला कुणी अडवत नाही, पण त्यावर बोलण्यासारखं काही नसतं. थिअरीत तीन गोष्टी लागतात. एक, पुस्तकातला आधार: कुठला प्रसंग, कुठलं वाक्य. दोन, तो आधार आणि तुमचा निष्कर्ष यांना जोडणारं कारण. आणि तीन, ही थिअरी चूक कधी ठरेल ते तुम्ही स्वतः आधीच सांगायचं. तिसरी अट लोकांना जाचते. पण तिच्याशिवाय थिअरी ही लवचिक काठी होते, कुठेही वाकते, कुठेही बसते, आणि कामाची राहत नाही.

कॉस्मिअरवर अशी थिअरी मांडता येते, कारण तिथली जादू नियमाने चालते. सँडरसन यांनी २००७ मध्ये लेखनाचा एक नियम मांडला होता. त्याचा आशय असा, की कथेतला पेच जादूने सोडवण्याचा लेखकाचा हक्क, वाचकाला ती जादू जेवढी समजली असेल तेवढाच. म्हणजे लेखकाने हातातले पत्ते आधी दाखवायला हवेत. पत्ते समोर असले की निपाणीतला वाचक आणि न्यूयॉर्कमधला वाचक यांच्यात काही फरक उरत नाही. मला या पुस्तकांचं वेड लागलं ते यामुळे.

नियमबद्ध जादू आपल्याकडे नवीन आहे का?

मुळीच नाही. हिरण्यकशिपूचा वर आठवा. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. सगळ्या अटी आधी श्रोत्यांना सांगितल्या, आणि मग संध्याकाळ, उंबरठा, नरसिंह, मांडी आणि नखं. कीर्तनात ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणारं पोर शेवटापर्यंत मनातल्या मनात वाट शोधत असतंच. ते पोर थिअरीच करत असतं.

धातूंची जादू कशी चालते? फाउंड्रीवाले त्यावर एवढं का बोलतात?

मिस्टबॉर्नच्या स्कॅड्रिअल ग्रहावर काही माणसं धातूचा कण गिळतात आणि पोटात तो ‘जाळून’ शक्ती मिळवतात. याला अ‍ॅलोमन्सी म्हणतात. मूळ धातू आणि त्याचा मिश्रधातू अशा जोड्या असतात. मूळ धातू खेचतो, मिश्रधातू ढकलतो. लोखंड जाळलं की आसपासचं धातूचं सामान तुमच्याकडे ओढलं जातं, पोलाद जाळलं की दूर लोटलं जातं. जस्ताने समोरच्याच्या भावना भडकतात, पितळेने शमतात. तांबं दुसऱ्या धातू जाळणाऱ्यापासून लपवतं, कांसं लपलेल्याचा माग काढतं. कथलाने इंद्रियं तीक्ष्ण होतात, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाने अंगात बळ येतं.

या मिश्रणाचं प्रमाण पुस्तकात दिलं आहे: ९१ टक्के कथील, ९ टक्के शिसं. प्रमाण चुकलं तर माणूस आजारी पडतो, फारच चुकलं तर जिवावर बेततं. आमचा फाउंड्रीतला मित्र हे वाचून जागचा उठला होता. त्याचं अख्खं आयुष्य प्रमाणावर चालतं. भट्टीतून नमुना काढायचा, तपासायचा, कार्बन कमी-जास्त असला तर ओतायचं थांबवायचं. त्याने विचारलं, लोखंड आणि पोलाद यांच्यात फरक कार्बनचा. मग बिडाचं काय? घरातल्या बिडाच्या तव्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, पोलादात त्याहून कमी. बीड गिळून जाळलं तर ते खेचेल, ढकलेल की मारेल?

आमची थिअरी: मारेल, निदान अंथरुणाला खिळवेल. कारण बीड हाही लोखंड-कार्बनचाच मिश्रधातू, फक्त प्रमाणाबाहेर गेलेला. एखाद्या पुस्तकात कुणी बीड जाळून धडधाकट उभा राहिला की ही थिअरी त्याच दिवशी संपली. अजून असं कुणी केल्याचं आमच्या वाचनात आलेलं नाही.

ढकलण्यात न्यूटनही असतो, हे विसरू नका. जमिनीवर नाणं टाकून त्याला ढकललं तर नाणं जमिनीत जाऊ शकत नाही, म्हणून तुम्ही वर उडता. तुमच्याहून जड वस्तूला ढकललंत तर ती जागची हलत नाही, तुम्हीच मागे फेकले जाता.

शक्ती येते कुठून? फुकट तर नसेल?

*(मिस्टबॉर्नच्या पहिल्या तीन भागांतलं थोडं उघड होतं.)*

थिअरी तपासताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: हिशेब जुळतो का? एकट्या स्कॅड्रिअलवर तीन प्रकारचे हिशेब आहेत.

अ‍ॅलोमन्सीत शक्ती बाहेरून येते, जतन करणाऱ्या शकलाकडून. धातू हे इंधन नाही, किल्ली आहे. जळतो धातू, पण काम करते ती दुसऱ्याची ताकद.

फेरुकेमी म्हणजे पिग्मी. आपल्या बाजारपेठेत रोज संध्याकाळी पिग्मीवाला येतो, दुकानदार वीस-पन्नास रुपये देतो आणि गरजेला तेच पैसे काढतो. तसंच इथे माणूस धातूच्या कड्यात स्वतःचं बळ, वजन, जागेपण साठवतो. साठवताना तो अशक्त, हलका, झोपाळू होतो, आणि पुढे तेवढंच काढून वापरतो. व्याज नाही. उलट घाईने एकदम काढलं तर थोडं हातचं जातं.

हीमलर्जी हा तिसरा प्रकार, आणि तो भयंकर आहे. एकाच्या शरीरातून धातूचा खिळा आरपार ठोकून त्याची शक्ती काढायची आणि दुसऱ्याच्या शरीरात बसवायची. वाटेत काही भाग वाया जातोच. दुसऱ्याचं हिसकावून घेतलेलं कधीच पूर्ण हाती लागत नाही.

‘अमुक पात्राला अमर्याद शक्ती मिळेल’ असं कुणी म्हणालं की आम्ही एवढंच विचारतो: यांतला कुठला हिशेब?

सोळा या आकड्याचं काय गूढ आहे?

शकलं सोळा. अ‍ॅलोमन्सीचे मूळ धातू आणि मिश्रधातू मिळून सोळा. मिस्टबॉर्नच्या तिसऱ्या भागात धुक्याने आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण नेमकं १६ टक्के निघतं आणि ती एक खूण ठरते. आमच्याकडे एक काका आहेत, ते म्हणतात, ‘म्हणजे सोळा आणे खरं.’ त्या बाबतीत ते बरोबर आहेत. पण ‘द वे ऑफ किंग्ज’च्या रोशार ग्रहावर सगळं दहाच्या पटीत चालतं, दहा मूलशक्ती आणि योद्ध्यांचे दहा गण. त्यामुळे आकडा दिसला की लगेच थिअरी बांधू नका. आधी विचारा, पुस्तकातल्या एखाद्या पात्राने तो आकडा मोजला आहे का? धुक्याचे १६ टक्के पात्रांनीच मोजले होते. तुम्ही प्रकरणांची संख्या मोजून काढलेला सोळा हा पुरावा नाही.

लेखक मुलाखतीत जे सांगतात ते पुरावा धरायचं का?

धरायचं, पण दुय्यम. जगभरचे वाचक त्यांना प्रश्न विचारतात, ती उत्तरं नोंदवून ठेवलेली असतात, आणि वाचकांत त्याला ‘वर्ड ऑफ ब्रँडन’ म्हणतात. उत्तर द्यायचं नसेल तर ते ‘राफो’ म्हणतात, म्हणजे वाचा आणि शोधा. आमचा नियम असा: छापील पान वर, तोंडी उत्तर खाली. बोलताना दिलेलं उत्तर पुस्तक लिहिताना बदलू शकतं. आणि राफोचा अर्थ ‘हो’ असा कधीच काढायचा नाही.

सेल ग्रहावरची जादू घरापासून लांब गेली की का मंदावते?

*(एलान्ट्रिसचा शेवट इथे उघड होतो. वाचलं नसेल तर पुढच्या प्रश्नावर जा.)*

यावर आमच्या सगळ्यात लांबलेल्या चर्चा झाल्या आहेत. एक तर रात्री दोनपर्यंत चालली होती.

सेलवरच्या एलान्ट्रिस शहरातली माणसं हवेत प्रकाशाची अक्षरं काढतात आणि त्यांतून जादू घडते. या अक्षरांना एऑन म्हणतात. कथा सुरू होण्याच्या दहा वर्षं आधी ही जादू एका दिवसात बंद पडते. तेजस्वी माणसं मेल्यासारखी होतात, शहर सडतं. का, ते कुणालाच कळत नाही. शेवटी नायकाच्या लक्षात येतं, की अक्षराचा मूळ आकार म्हणजे त्या देशाच्या भूमीचाच आकार. भूकंपात जमीन फाटून मोठी दरी पडली होती. देशाचा आकार बदलला, अक्षर जुनंच राहिलं. दरीची ती एक रेष अक्षरात ओढल्यावर शक्ती परत येते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. नकाशावरची एक रेष हलली की माणसांच्या आयुष्यात काय काय हलतं, ते आमच्या आजोबांच्या पिढीला कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही. म्हणून एक प्रश्न आमच्याकडे आपोआप आला: दरी खऱ्या जमिनीत पडली म्हणून जादू थांबली. पण दरी पडलीच नसती, फक्त राजाने नकाशावर सीमा सरकवली असती तर?

इथे कॉस्मिअरचा एक मूळ नियम कामाला येतो. तिथे प्रत्येक वस्तू तीन पातळ्यांवर असते: शारीर, मानस आणि आत्मिक. मानस पातळी म्हणजे ती वस्तू स्वतःला काय समजते आणि माणसं तिला काय समजतात. सेलवरची शक्ती याच मानस पातळीवर अडकून पडलेली आहे, म्हणून ती स्थळाला बांधलेली. घरापासून लांब गेलात की ती विरळ होते.

गोकाकच्या मित्राची बाजू: नुसती सीमा सरकवून काही होणार नाही, कारण डोंगर-नद्या जागेवरच राहतात. खानापूरच्या बाईंची बाजू: लगेच होणार नाही, पण दोन-तीन पिढ्या गेल्या, सगळी माणसं नवीन नकाशालाच देश समजू लागली, की मानस पातळीवरचा देश बदलेल आणि अक्षरंही हळूहळू क्षीण होतील. मी बाईंच्या बाजूचा आहे. त्याच ग्रहावरच्या ‘द एम्परर्स सोल’ या लघुकादंबरीत वस्तूवर शिक्का मारून तिचा भूतकाळ बदलतात. तो बदल पटण्यासारखा असेल तरच शिक्का टिकतो. म्हणजे सेलवर आठवण हा जादूचा भाग आहे. या लघुकादंबरीला २०१३ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. एका बैठकीत वाचून होते, जरूर वाचा.

आमची थिअरी चूक कधी ठरेल? सीमा बदलून शतकं लोटली आणि तरी जुनी अक्षरं पूर्ण तेजाने चालतात असा देश सेलवर दाखवला गेला, तर.

वाचकांनी मांडलेली थिअरी कधी खरी ठरली आहे का?

*(वॉरब्रेकर आणि रोशारच्या दुसऱ्या भागाबद्दल.)*

हो. २०१४ मध्ये ‘वर्ड्स ऑफ रेडियन्स’ आलं. त्यात झाहेल नावाचा एक चिडखोर तलवारबाजीचा गुरू आहे. तो बोलताना सारखे रंगांचे दाखले देतो. रोशारवर असं कुणी बोलत नाही. रंगांवर जादू चालते ती नाल्थिसवर, वॉरब्रेकरमध्ये. वाचकांनी तेवढ्यावरून ओळखलं की हा तिथला व्हॅशर. पुस्तकाच्या अगदी शेवटी वॉरब्रेकरमधली बोलणारी तलवार रोशारवर अवतरली आणि दोन ग्रहांमध्ये ये-जा आहे यात शंका उरली नाही. एका माणसाच्या बोलण्याच्या ढंगावरून त्याचं गाव ओळखणं! आपल्याकडे ‘काय करायलाईस’ म्हटलं की पुण्याचा दुकानदारही विचारतो, बेळगावचे का? तसंच.

आणि तुमची फसलेली?

माझी स्वतःची. मी ठामपणे मांडलं होतं, की प्रत्येक ग्रहावरची जादू जमिनीतून येणाऱ्या वस्तूवरच चालते. स्कॅड्रिअलवर धातू, रोशारवर वादळाचा प्रकाश साठवणारी रत्नं, सेलवर भूमीचा आकार. किती छान जुळत होतं! तेव्हा मी वॉरब्रेकर वाचलं नव्हतं. नाल्थिसवर प्रत्येक माणूस एक ‘ब्रेथ’, म्हणजे श्वास, घेऊन जन्मतो. तो दुसऱ्याला देता येतो, विकताही येतो. पन्नास जमले की पहिली पायरी, दोन हजारांना पाचवी. जमिनीचा काही संबंध नाही, शक्ती माणसातच आहे. निपाणीच्या मुलीने वाद न घालता मला पुस्तकच वाचायला दिलं. चौथ्या दिवशी मी थिअरी मागे घेतली.

रहस्यफोडीचा नियम काय?

बोलण्याआधी पुस्तकाचं नाव सांगायचं आणि थांबायचं. एकानेही हात वर केला तर तो विषय त्या दिवशी बंद. नियम एवढाच, पण तो मोडणाऱ्याला आम्ही माफ करत नाही. एखाद्याचं पहिलं वाचन एकदाच असतं.

रोशारवरची वादळं आपल्या पावसासारखी आहेत का?

दिशा उलटी. तिथलं महावादळ पूर्वेकडून पश्चिमेकडे जातं, आपला पाऊस पश्चिमेकडून घाट चढून येतो. पण वादळाच्या बाजूला खिडकी न ठेवणारी तिथली घरं वाचताना जूनमध्ये पश्चिमेची खिडकी लावून घेणारी आई आठवते. तिथे वादळ आलं की लोक काचेच्या गोळ्यांत बसवलेली रत्नं बाहेर ठेवतात, ती प्रकाशाने भरतात, आणि तेच त्यांचे पैसेही असतात.

सध्या वाद कशावर चालू आहे?

नाल्थिसवर श्वास देऊन निर्जीव वस्तू जागी करता येते. वॉरब्रेकरच्या सुरुवातीलाच गवताची एक बाहुली जागी होऊन तुरुंगाच्या किल्ल्या आणून देते. त्यासाठी आज्ञा द्यावी लागते. ती स्पष्ट आवाजात, मनात चित्र धरून, आणि स्वतःच्या मातृभाषेत द्यावी लागते. शिकलेल्या भाषेत दिली तर चालत नाही.

हा नियम दुसरीकडच्या वाचकांच्या नजरेतून सहज सुटत असेल. आमच्याकडे त्याने तीन रविवार खाल्ले. कारण आमच्यातल्या अर्ध्या जणांना मातृभाषा कुठली हे एका शब्दात सांगता येत नाही. खानापूरच्या बाईंच्या घरी कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड. गोकाकच्या मित्राची आई कन्नड, पण त्याला वाढवलं शेजारच्या मराठी आजीने. तो ब्रेथला ‘उसिरु’ म्हणतो, आणि ठेच लागली की ‘आई गं’ म्हणतो.

एका बाजूचं म्हणणं: आईची भाषा ती मातृभाषा, विषय संपला. दुसरी बाजू, जिच्यात मी आहे, म्हणते की आज्ञेचा जीव मनातल्या चित्रात आहे. म्हणून ज्या भाषेत चित्र आणि शब्द एकदमच उमटतात, मधे भाषांतर होत नाही, तीच भाषा चालणार. मग ती एक असेल किंवा दोनही असतील. मोठेपणी शिकलेल्या भाषेत एखाद्या पात्राने दोर जागा करून दाखवला, तर आईच्या भाषेची बाजू हरली. दोन भाषांत जन्मापासून वाढलेलं पात्र एकाच भाषेत अडकलं, तर आम्ही हरलो.

गेल्या रविवारी गोकाकच्या मित्राने मागाच्या खोलीतला सुताचा दोर हातात घेतला, डोळे मिटले आणि न ठरवता जो शब्द तोंडात येईल तो म्हणतो म्हणाला. आम्ही सगळे गप्प बसलो. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग डोळे उघडून म्हणाला, ‘दोन्ही एकदम आले. धर आणि हिडि.’